‘पॉश’ शब्दाचं प्रकरण: बोटीचं तिकीट की खिशातला अधेला?

लेकीला अकरावीत इंग्रजीचा प्रोजेक्ट मिळाला. रोजच्या बोलण्यातला कुठलाही एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो आला कुठून हे एका चार्ट पेपरवर मांडायचं. तिने ‘पॉश’ घेतला, कारण आमच्या डोंबिवलीत रिक्षा स्टँडपासून घरापर्यंत येताना तीन बोर्डांवर तो शब्द दिसतो, पॉश लोकॅलिटी, पॉश फ्लॅट, पॉश इंटिरियर. आणि आपण आता तो मराठीतच धरतो ना, ‘काय पॉश दिसतेयस गं’ म्हणताना कोणाला वाटतं का की इंग्रजी बोलतोय?

त्या रविवारी माझा मामा आला होता. मामा मुंबईच्या गोदीत तीस वर्षं नोकरीला होता, आता ऐंशीला टेकलाय पण गोदीचा विषय निघाला की आवाज एकदम बदलतो. लेकीने शब्द सांगितल्याबरोबर तो म्हणाला, अगं सोपंय, हा तर आपल्या बॅलार्ड पिअरचा शब्द. साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला यायचे. येताना बोटीच्या डाव्या बाजूची केबिन थंड, परत जाताना उजव्या बाजूची थंड. डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. पैसेवाले लोक जास्त पैसे भरून येताना डावी आणि जाताना उजवी केबिन घ्यायचे, आणि त्यांच्या तिकिटावर चार अक्षरांचा शिक्का मारायचे, पोर्ट आउट स्टारबोर्ड होम, पी-ओ-एस-एच, झालं पॉश.

त्याने ते करूनही दाखवलं. आमच्या बाल्कनीत संध्याकाळचं ऊन येतं, म्हणजे ती पश्चिम. मामाने चमच्यांचा लांबट स्टीलचा डबा घेतला, तो टेबलावर बाल्कनीला समांतर ठेवला आणि म्हणाला, ही बोट, सुएझहून निघालीय, तांबड्या समुद्रातून खाली दक्षिणेला चाललीय, बघ ऊन कुठे पडतंय. ऊन डब्याच्या उजव्या कडेवर चकाकत होतं आणि डावी कड सावलीत. मग डबा फिरवून तोंड उत्तरेला केलं, आता परतीचा प्रवास, तर ऊन डाव्या कडेवर, उजवी सावलीत. लेकीने तर लगेच बोट लावून बघितलं, एक कड कोमट आणि एक थंड होती खरंच.

इतकी पटणारी गोष्ट मी फार कमी वेळा ऐकलीय. भूगोल बरोबर, दिशा बरोबर, गाव आपलं, आणि सांगणारा माणूस त्याच धक्क्यावर राबलेला. लेकीने त्याच रात्री पेन्सिलने चार्टवर बोट काढायला घेतली. मीच म्हटलं थांब, ते तिकीट कुठे बघायला मिळतं का ते शोधूया, चार्टवर फोटो लावता येईल. आणि तिथून हे सगळं सुरू झालं, कारण ते तिकीट मिळत नाही, आजवर कोणालाच मिळालेलं नाहीये.

म्हणजे हे आम्हा मायलेकींच्या शोधाचं अपयश नाही. इंग्रजीचे शब्द शोधणारे लोक आणि बोटींचा इतिहास लिहिणारे लोक दोघांनीही हे तिकीट दशकानुदशकं शोधलंय. पी अँड ओ ही कंपनी १८३७ पासूनची, तिचे कागद, वेळापत्रकं, दरपत्रकं, जाहिराती भरपूर शिल्लक आहेत. प्रवाशांच्या ट्रंकांना चिकटवायची लेबलंही शिल्लक आहेत, लोक ती जमवतात, त्यांच्यावर ‘प्रवासात लागेल’, ‘प्रवासात लागणार नाही’, ‘केबिन’ अशा अर्थाचे शब्द ठसठशीत छापलेले असतात. ज्या सामानाला प्रवासात हात लावायचा नाही त्याचं लेबल आपल्यापर्यंत पोचलं, आणि सगळ्यात श्रीमंत प्रवाशाच्या तिकिटावरचा शिक्का मात्र एकही उरला नाही, हे मला पटत नाही. १९७१ साली जॉर्ज चौधरी-बेस्ट नावाच्या अभ्यासकाने ‘मरिनर्स मिरर’ या सागरी इतिहासाच्या नियतकालिकात या गोष्टीची तपासणी छापली आणि निष्कर्ष हाच की गोष्टीला आधार नाही. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोशही हेच सांगतो.

लेक म्हणाली, पण आई, तिकीट हरवलं असेल, म्हणून गोष्ट खोटी कशी. बरोबर बोलली ती. पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही. म्हणून मग आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो, की ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली कधी. आणि इथे मला खरा धक्का बसला. या गोष्टीचा सुरुवातीचा छापील उल्लेख म्हणून जो दाखवला जातो तो १९३५ चा आहे, लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये आलेलं एक पत्र. सुएझ कालवा उघडला १८६९ ला. म्हणजे कालवा उघडल्यापासून साठ-पासष्ट वर्षं हजारो साहेब, मडमा, लष्करी अधिकारी, मिशनरी या मार्गाने आले गेले, त्यांनी घरी पत्रं लिहिली, डायऱ्या ठेवल्या, आठवणींची पुस्तकं छापली, बोटीवरचं जेवण, उकाडा, सोबतचे प्रवासी, कोणाचं कोणाशी जमलं, सगळं लिहिलं, तांबड्या समुद्रात केबिनमध्ये राहवत नाही म्हणून गाद्या उचलून डेकवर झोपायला गेलो हे लिहिलं, आणि ज्या शब्दावर सगळ्यांचा आराम ठरत होता तो शब्द एकाच्याही लेखणीतून उतरला नाही?

अजून एक. ब्रिटिशांची हिंदुस्थानातली खास भाषा गोळा करणारा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश आहे, १८८६ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १९०३ ची. टिफिन, चिट्ठी, पक्का, बंगला, गोदाम, असा साहेबाच्या घरातला आणि ऑफिसातला एकेक शब्द त्यात वेचून ठेवलाय. त्यात ‘पॉश’ नावाची नोंद नाही. मुंबईच्या बंदरात जन्मलेला शब्द असता तर या कोशाच्या हातून तो निसटला असता असं मला तरी वाटत नाही.

आता मामाच्या डब्याकडे परत येते, कारण त्या उन्हाचंही थोडं बघायला हवं. डाव्या बाजूला सकाळचं ऊन येतंच, फक्त दुपारचं जास्त तापवतं आणि केबिन रात्रीपर्यंत निवत नाही, म्हणून डावी बरी, इथवर मामा बरोबर. पण तांबड्या समुद्राबाहेरचं एडन बंदर सोडल्यावर बोट पूर्वेला मुंबईकडे वळते, तेव्हा डावी बाजू म्हणजे उत्तर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, ठीक, डावी बाजू सावलीत. पण उन्हाळ्यात? आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो ना, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, मुंबईत मे महिन्याच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटाला एकदा, त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. एडन तर मुंबईच्याही दक्षिणेला आहे, तिथे हे आणखी आधी सुरू होतं. म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या बोटीची डावी बाजू भर दुपारी उन्हात. नियम सोयीचा आहे पण काही महिन्यांपुरता. लोक बहुतेक गारव्याच्या दिवसांत यायचे म्हणून अनुभवी प्रवासी आपल्याला हवी ती बाजू मागून घेत असतीलही, त्यात अशक्य काही नाही. कंपनीने त्याचा शिक्का केला हे म्हणायला मात्र काहीच हाताशी नाही.

शिवाय पोर्ट हा शब्दच बघा. डाव्या बाजूला आधी ‘लारबोर्ड’ म्हणायचे, ते स्टारबोर्डसारखंच ऐकू येतं, वादळात ओरडून हुकूम दिला की घोटाळा व्हायचा, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ ला हुकूम काढून पोर्ट हा शब्द पक्का केला. म्हणजे शिक्क्याची गोष्ट फार मागे नेता येतच नाही. आणि शब्द म्हणून पॉश तर त्याच्याही आधी लंडनच्या गल्लीबोळात फिरत होता.

हे आमच्या प्रकरणाचं सगळ्यात महत्त्वाचं वळण. १८३० च्या सुमारास लंडनच्या गुन्हेगारी आणि फेरीवाल्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसे, त्यातही अगदी किरकोळ नाणं, अर्धा पेनी. साहेबाच्या केबिनशी संबंधच नाही, उलट सगळ्यात खालच्या माणसाच्या मुठीतलं नाणं. आणि तो तिथे आला कुठून, तर जिप्सी म्हणून ज्यांना हिणवलं गेलं त्या रोमानी लोकांच्या भाषेतून, असं अभ्यासक मानतात. इंग्लंडमधल्या रोमानी बोलीत ‘पॉश’ किंवा ‘पाश’ म्हणजे अर्धा. जॉर्ज बॉरोने १८७४ ला इंग्लंडच्या रोमानी बोलीचा शब्दसंग्रह छापला त्यात हा शब्द आहे. अर्ध्या पेनीला ते ‘पॉश-हॉरी’ म्हणायचे, त्यातला हॉरी गळला आणि पॉश उरला, आपण नाही का ‘आठ आणे’ म्हणता म्हणता नुसतं ‘आठाणे’ करून टाकलं आणि कधी ‘चाराठाणे दे रे’ म्हणायचो.

आता रोमानी लोक मूळचे कुठले हे माहितीच असेल, साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले लोक, त्यांची भाषा आपल्याच कुळातली. पाण्याला ते पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान. आणि रोमानीतला हा अर्धा या अर्थाचा पाश भाषाशास्त्रज्ञ संस्कृतच्या ‘पार्श्व’पर्यंत नेतात, पार्श्व म्हणजे बाजू, कूस, एक बाजू म्हणजे अर्धा भाग असा तो अर्थ सरकला. त्याच भाषेत याच शब्दापासून ‘जवळ’ हा अर्थही आहे. आणि मराठीत पार्श्वचं काय झालं? पाशी! घरापाशी, देवापाशी, माझ्यापाशी. ‘माझ्यापाशी एक अधेला नाही’ म्हणतो तेव्हा अर्धा पैसा आणि पार्श्व दोन्ही आपण एकाच वाक्यात बोलून जातो. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी झोपलेल्या लेकीला उठवून सांगितलं, ती वैतागली पण उठून बसली.

कोणी म्हणेल रोमानी शब्द इंग्रजीत येतात हे कशावरून. येतात, ठाम पुराव्यासकट येतात. मित्राला इंग्रजीत ‘पॅल’ म्हणतात ना, तो रोमानीच, ‘फ्राल’ म्हणजे भाऊ, संस्कृतचा भ्राता. सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. तर रस्ता आहे, वहिवाटीचा आहे.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं कारण इथेच आपला पाय घसरतो. अर्धा पेनी ते पैसे, हे झालं. पैसे ते भपकेदार, उंची, हा उडीचा भाग अजून पूर्ण सिद्ध नाही. मध्ये एक पायरी सापडते, बरेर आणि लेलंड या दोघांच्या १८८९-९० च्या बोलीकोशात पॉश म्हणजे पैसे आणि पॉश म्हणजे छानछोकी करणारा माणूस असे दोन्ही अर्थ दिलेत. पैसा आहे तो माणूस नटतो, नटलेला माणूस पॉश, मग त्याचे कपडे पॉश, इतकं सरळ असू शकतं. पण दोन अर्थ एकाच पानावर आहेत म्हणून एकातून दुसरा निघाला असं छातीठोक म्हणता येत नाही, दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे असू शकतात. ऑक्सफर्डवाले आजही उगम अनिश्चित असंच लिहितात.

पुढचे टप्पे छापील आहेत आणि मजेशीर आहेत. १८९२ ला पुस्तकरूपात आलेल्या ग्रॉस्मिथ बंधूंच्या ‘डायरी ऑफ अ नोबडी’ या विनोदी कादंबरीत मरी पॉश नावाचं टोप्यांच्या धंद्यातलं पैसेवालं पात्र आहे, म्हणजे तेव्हा पॉश या आडनावातून वाचकाला काहीतरी सुचत असणार, नाहीतर लेखक असं नाव कशाला देतील. १९०३ ला पी. जी. वुडहाउसच्या एका कथेत केंब्रिजमधला सगळ्यात झकास वेस्टकोट असं म्हणताना ‘पुश’ हा शब्द येतो, पॉश नाही, पुश. तो वेगळा शब्द की तोच वेगळ्या उच्चाराने, की छापखान्यातली चूक, यावर अजून वाद चालतो. आणि १९१४ ला ब्रिटिश लष्कराच्या आतल्या जीवनावरच्या ई. चार्ल्स व्हिव्हियनच्या पुस्तकात एकदम स्पष्ट, घोडदळातले शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतात, म्हणजे सरकारी गणवेशापेक्षा उंची, स्वतःच्या पैशाचे. मग सप्टेंबर १९१८, ‘पंच’ साप्ताहिकातलं व्यंगचित्र, एक तरुण अधिकारी आईला सांगतोय की तिकडे आमची पॉश मजा झाली. तिथून पुढे शब्द सगळीकडे.

त्या १९१४ च्या उल्लेखात कपडे आहेत, शिपाई आहेत, आणि ब्रिटिश घोडदळ म्हणजे हिंदुस्थानात वर्षानुवर्षं काढलेले लोक. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली, पोशाख! फारसीत पोशीदन म्हणजे पांघरणं, झाकणं, नेसणं. आपल्याकडे त्या एका धातूचा किती मोठा संसार आहे बघा, पोशाख, पलंगपोस, भांड्यावरचा सरपोस, पायपोस. उत्तरेत चांगल्या घरच्या पांढरपेशा माणसाला सफेदपोश म्हणतात. हा तर्क मी पहिली नाही लढवत, इंग्रजी शब्दाच्या चर्चेत सफेदपोश बऱ्याच वर्षांपासून येतो. आणि लष्कराने इथून शब्द नेले हेही खरं, खाकी नेला, आणि पहिल्या महायुद्धातला ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी, तो आपला खुशी. तर पोश का नसावा?

दोन दिवस मी याच तर्काच्या प्रेमात होते, लेकीला तर मी जवळजवळ सांगूनच टाकलं होतं की हेच लिही. मग पुन्हा मामाच्या तिकिटाला लावलेली पट्टी मी याला लावली. मधला दुवा दाखव. खुशीच्या बाबतीत दुवा आहे, अर्थ तोच, बोलणारे तेच. पोशच्या बाबतीत एखाद्या पलटणीतल्या गोऱ्या शिपायाने नुसता ‘पोश’ चांगल्या कपड्यांसाठी वापरल्याचं कुठे दाखवता येत नाही, आणि आपल्याकडेही ‘पोश’ असा सुटा कोणी वापरत नाही, तो नेहमी कशाच्यातरी शेपटाला असतो, सरपोस, सफेदपोश. शिवाय पैसे या अर्थाचा जुना लंडनचा पॉश आधीपासून हजर आहेच. सारखं ऐकू येणं हा पुरावा नाही. हे मलाच मला दोनदा सांगावं लागलं कारण पोशाख सोडायला जीव होत नव्हता.

पायपोसवरून आठवलं, तो शब्दही बहुधा अशाच कानाच्या खेळातून बनलाय. फारसीत पापोश, पा म्हणजे पाय. मराठी कानाला त्यात पाय ऐकू आला असेल आणि आपण पायपोस करून टाकला. आणि खरं सांगायचं तर या टप्प्यावर आमच्या चार्टचं झालं होतं ते तसंच, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. बोट, रोमानी, घोडदळ, वुडहाउस, सगळं एकमेकांवर.

मग लेकीने जे केलं ते मला फार आवडलं. तिने चार्टवर आडवी लोकरीची दोरी चिकटवली, डावीकडे १८३०, उजवीकडे १९४०, मधे दर दहा वर्षांनी एक गाठ. आणि प्रत्येक उल्लेखाची छोटी चिठ्ठी त्या त्या वर्षाला टाचणीने टोचली. अर्थ नाही लावायचा, मत नाही लिहायचं, फक्त कधी छापलं आणि कुठल्या अर्थाने. अर्धा पेनी डावीकडे. कोशातला छानछोकीवाला साधारण मध्यावर. मरी पॉश, वुडहाउसचा पुश, घोडदळाचे कपडे, पंचमधला अधिकारी, एकामागोमाग एक. आणि शेवटी तिने मामाच्या बोटीची चिठ्ठी उचलली आणि १९३५ ला टोचली, सगळ्यांच्या पलीकडे, दोरी संपत आली तिथे. त्या एका टाचणीने माझं पंधरा दिवसांचं वाचन एका नजरेत दिसलं. शब्द झाला, रुळला, मासिकात आला, लोकांच्या तोंडी बसला, आणि त्यानंतर कोणीतरी त्याच्या जन्माची गोष्ट रचली.

अशी गोष्ट का रचली जाते याचा मी बराच विचार केला. आद्याक्षरांपासून शब्द बनवणं ही आपल्याला आता इतकी अंगवळणी पडलीय, बेस्टची बस, एटीएम, पॅन कार्ड. आमच्या ऑफिसात दरवर्षी ‘पॉश ट्रेनिंग’ असतं, कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, तो पॉश खरोखरच प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंटच्या आद्याक्षरांचा आहे, त्यामुळे आजच्या माणसाला बोटीचं तिकीट अगदी सहज पटतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रोजच्या बोलण्यातले शब्द असे सहसा बनायचे नाहीत, अशा शब्दांना इंग्रजीत ‘अ‍ॅक्रोनिम’ म्हणायला लागले तेच १९४० च्या दशकात. न्यूज म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं, तेही खरं नाही, न्यूज म्हणजे नवीन गोष्टी, बस. आणि आपल्या मुंबईचंच घ्या ना, पोर्तुगीजांनी ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगली खाडी म्हटलं म्हणून बॉम्बे, हे अजून कितीजण सांगतात. पोर्तुगीजमध्ये बाहिया स्त्रीलिंगी आहे, पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाहिया’ म्हणेल, बॉम म्हणणारच नाही. मुंबादेवी तिथेच होती, कोळी लोक तिचं नाव घेत होते, आणि गोष्ट मात्र बाहेरून आलेल्याच्या नावावर.

मला या सगळ्यात हेच लागलं. बोटीची गोष्ट शब्द कोणाला देते बघा. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला, कंपनीला, साहेबाला. आणि छापील उल्लेख बोट दाखवतात ते लंडनच्या रस्त्यावर, चोरांच्या, फेरीवाल्यांच्या आणि शक्यता धरली तर रोमानी लोकांच्या बोलीकडे, ज्यांना त्या काळात गावाबाहेर हाकललं जायचं आणि ज्यांची भाषा चोरांची भाषा म्हणून नोंदवली गेली. शेवटचा दुवा सिद्ध नाही हे मी वर लिहिलंय आणि ते पुन्हा लिहिते. पण ज्याला एकही कागद नाही ती गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ज्याला निदान अर्धे कागद आहेत ती कोणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रविवारी मामाला बोलावलं. मला भीती होती की त्याला लागेल. ही गोष्ट त्याला गोदीत नवीन असताना एका म्हाताऱ्या क्लार्कने सांगितली होती, बॅलार्ड पिअरवर उभं राहून, त्याने ती पन्नास वर्षं जपली होती, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितली होती. लेकीने चार्ट टेबलावर पसरला, दोरीवर बोट फिरवत एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. मामा चष्मा वर करून वाकून बघत होता. १९३५ च्या टाचणीवर आल्यावर त्याने ती चिठ्ठी हाताने सरळ केली, पुन्हा डावीकडे १८३० पर्यंत गेला, परत आला.

‘तिकीट कोणाकडेच नाही?’ त्याने विचारलं.

‘नाही मामा. मिळालं असतं तर तुलाच पहिल्यांदा दाखवलं असतं.’

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, अगं त्या क्लार्कने पण पाहिलं नव्हतं गं, मी एकदा विचारलं होतं त्याला, तो म्हणाला आमच्या वेळच्या लोकांनी पाहिलंय. मग मामाने मोरिया बोटीचं काढलं, सावरकरांनी १९१० ला मार्सेलिसला जिच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी मारली ती मोरिया पी अँड ओचीच, तीही मुंबईलाच यायला निघालेली, आणि त्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढायचं म्हणजे काय असतं ते त्याने दोन्ही हातांनी माप दाखवून सांगितलं. त्या उडीचे कागद आहेत, हेगच्या लवादापर्यंत गेलेले, हे त्याने स्वतःच जोडलं.

निघताना चपला घालता घालता त्याने लेकीला विचारलं, ‘पण सावलीचं खरं ना गं? येताना डावीकडे सावली, ते तरी खरं?’

‘हो आजोबा, ते खरंय. थंडीच्या दिवसांत तर वारापण डावीकडूनच, ईशान्येचा, तुम्ही ते सांगितलंच नव्हतं.’

‘मला कुठे माहीत होतं,’ मामा म्हणाला, आणि चपला काढून परत आत आला, चमच्यांचा डबा मागितला आणि लेकीला म्हणाला, वारा कुठून येतो ते दाखव मला.